मार्थामावशीची ज्वारी

मार्थामावशीकडे भांडण घेऊन जायचं तर पदरात दोन शेर ज्वारी बांधून न्यावी लागे. दोघं भांडत असतील तर दोघांनी शेर शेर आणायची. ज्वारी नसेल तर मावशी उंबऱ्यातूनच परत पाठवायची.

"आधी दयन, मंग भांडन," एवढंच तिचं म्हणणं.

दयन म्हणजे दळण. आमच्या अमरावतीच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाचं कुणाशी बिनसलं की मावशी त्या दोघांना आपल्या जात्याशी समोरासमोर बसवायची. गुडघ्याला गुडघा, आणि एकाच खुंट्यावर दोघांचे हात. बाई असो की बाप्या, तिला फरक नव्हता. एकाने ओढायचं, दुसऱ्याने ढकलायचं. रागाने दोघांनीही ओढलं की जातं जागच्या जागी अडायचं. पीठ पडलं की मावशी चिमटीत धरून बघायची.

"हे पीठ हाये का रेती? अजून राग हाये तुमच्यात. घाला पुन्हा."

एकदा शमुवेल गाडीवानाच्या बैलाने दाऊदची पोतंभर सरकी खाल्ली. दोघं एकमेकांच्या अंगावर बैल हाकायची तुतारी घेऊन धावले होते. मावशीने त्यांना बसवलं. जात्यात टाकलेल्या पहिल्या घासाला दोघं एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते. दुसऱ्या घासाला दोघांनाही धाप लागली. तिसऱ्या घासाला शमुवेल म्हणाला, "ही बुढी आपला जीव घेते गड्या," आणि दाऊद म्हणाला, "व्हय ना भाऊ." दोघांना मिळून शिव्या द्यायला तिसरं माणूस सापडलं, की मावशी ओळखायची, झालं काम. मग त्याच पिठाची भाकरी थापून दोघांना एका ताटात वाढायची.

ते एक ताट साधं नव्हतं. आमच्या मंडळीत येताना जो तो आपली जात दाराबाहेर ठेवून येई, आणि उपासना संपली की बहुतेक जण ती उचलून परत घरी नेत. कुणी कुणाच्या हातचं खातं, कुणी खात नाही, हे आम्ही पुढारी लोक बघून न बघितल्यासारखं करायचो. मावशीने त्यावर कधी प्रवचन केलं नाही. पीठ कुणी दळलं ते दोघांनाही ठाऊक असे, आणि दळून दळून भूक तर लागलेलीच असे.

ती प्रार्थनासुद्धा अशीच करायची. आम्ही उपदेशक लोक "हे परमदयाळू स्वर्गस्थ पित्या" म्हणून सुरुवात करणार. मावशी डोळे मिटून दरडावायची, "देवा, तुले दिसून नाई राहिलं काय? दाऊदची पोरगी तापानं फणफणून राहिली. जाय ना जरा तिकडे." पाद्रीसाहेबांचं प्रवचन लांबलं की ती पुढूनच हात हलवायची आणि म्हणायची, "समजलं बापू, बस आता." साहेब अकोल्याला राहत, तीन महिन्यांनी बैलांच्या दमणीत बसून आमच्याकडे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारसाचा पेला द्यायला येत. ते हसायचे आणि खरोखरच आटोपतं घ्यायचे. मी मात्र लाजेने लाल व्हायचो. मी नगराकडून आलेला, शाळा चालवणारा, मंडळीचा उपदेशक. लोक मला मास्तर म्हणत. मला वाटे, ही बाई आम्हाला अडाणी ठरवते.

त्या वेळी आम्ही सगळे मिळून अकरा जण होतो. मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. गाड्यांची रांग बाजारातून निघायची ती गावाबाहेर संपायची. गठ्ठे बांधायला, चरकीवर सरकी काढायला, रेल्वेच्या सडकेवर माती टाकायला माणसं आली. जालन्याकडची, नगरकडची, नागपूरकडची. त्यांत ख्रिस्ती घरंही बरीच होती. दोन वर्षांत आमच्या प्रार्थनाघरात बसायला जागा पुरेना. मी पाद्रीसाहेबांना पत्रावर पत्र लिहून ही वाढ कळवत होतो. त्या वाढीत माझा वाटा किती, हे मात्र ते अमेरिकेतल्या लढाईला विचारायला हवं होतं.

माणसं वाढली तशी भांडणं वाढली. मावशीचं जातं सकाळपासून घरघरायचं. त्यातच योहानराव आले. ते एका बड्या कापूस-दलालाच्या पेढीवर कारकून. अंगात कोट, काखेत छत्री. घरून सतरंजी आणून ते पुढे अंथरून बसत. एका रविवारी शमुवेल गाडी सोडून तसाच धावत आला. डोक्यात कापूस, पायाला चिखल. जागा नव्हती म्हणून तो त्या सतरंजीच्या कोपऱ्यावर टेकला. योहानरावांनी उपासना चालू असताना सतरंजी ओढून घेतली. शमुवेल मागे कलंडला, आणि उठला तो मूठ आवळूनच.

उपासना संपल्यावर मावशीने दोघांना अंगणात गाठून सांगितलं, उद्या ज्वारी घेऊन या.

"मी जात्यावर बसू?" योहानराव भर अंगणात ओरडले. "ते बायकांचं काम!"

"बायकांचं काम हाये, तं रोज दोन टाइम जेवता काहून?" मावशी म्हणाली.

सगळे खो खो हसले. योहानराव तडक माझ्या घरी आले. ही कसली मंडळी, म्हणाले, इथे न्याय एक निरक्षर म्हातारी करते, तोही जात्यावर! मला त्यांचं पटलं. खरं सांगायचं तर मला ते आधीपासूनच पटलेलं होतं, फक्त कोट घातलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. आता इतकी माणसं झाली, काही रीत नको का? माझं अक्षर चांगलं होतं, आणि चांगल्या अक्षराच्या माणसाला कोरी वही दिसली की नियम सुचतात. मी पंचसभा नेमली. मी, योहानराव आणि आणखी तिघे. प्रत्येक तक्रार लेखी यावी. प्रभुभोजनाच्या आधीच्या शनिवारी तिचा निकाल व्हावा. निकाल लागेपर्यंत दोन्ही पक्षांनी प्रभुभोजन घेऊ नये. आणि शेवटचं कलम, मंडळीतले तंटे पंचसभेबाहेर कुणी मिटवू नयेत.

हे कलम कुणासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी ते रविवारी मोठ्याने वाचलं. मावशी बायकांच्या रांगेत पुढेच बसली होती.

"बरं झालं, मास्तर," ती म्हणाली. "माह्ये हात दुखूनच राहिले होते."

लोक हसले, मीही हसलो. तिच्या तोंडाकडे मात्र मी पाहिलं नाही.

पंचसभा जोरात चालली. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते बाजारातल्या लेखनिकाकडून अर्ज लिहून आणू लागले, आणि लेखनिक मूळच्या भांडणात आपल्या पदरच्या दोन ओळी घालू लागला. पूर्वी ज्या रागाचं पीठ व्हायचं त्याचे आता कागद व्हायला लागले. पिठाची निदान भाकरी होते. शमुवेल आणि योहानरावांचा निकाल आम्ही योहानरावांच्या बाजूने दिला. शमुवेल चांदूरकडच्या सडकेवर कामाला निघून गेला तो परत आला नाही. वहीत मी लिहिलं, "प्रकरण मिटले."

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी ओसरीवर योहानरावांशी बोलत बसलो होतो. मावशी आली. पदरात ज्वारी बांधलेली.

"मास्तर," ती म्हणाली, "माहं तुमच्याशी भांडन हाये. चाला माह्या घरी."

योहानराव गालातल्या गालात हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वेळी मला लाज वाटली ती तिची. आज लाज वाटते ती त्या लाजेची.

"मावशी," मी म्हणालो, "तक्रार असेल तर अर्ज लिहून द्या. पंचसभेपुढे घेऊ."

तिला लिहिता येत नाही हे मला ठाऊक होतं. लेखनिकाकडे ती जाणार नाही हेही ठाऊक होतं. तिने पदराची गाठ चाचपली. "बरं," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिने प्रभुभोजन घेतलं नाही. आमच्याकडे एका भाकरीचे तुकडे आणि एकच पेला सगळ्यांत फिरत असे. पेला तिच्यापर्यंत आला तेव्हा तिने मान हलवून तो शेजारणीकडे जाऊ दिला. मी वहीत लिहिलं, "मार्थाबाई, प्रकरण प्रलंबित." पुढच्या खेपेलाही तेच. मग ती बायकांच्या रांगेत मागे, भिंतीशी बसू लागली. प्रवचन लांबलं तरी आता तिचा हात उठत नसे. मला वाटलं, म्हातारी रुसली, रुसू दे. खरं तर मला बरंच वाटत होतं. चार प्रभुभोजनं अशी गेली. एक सबंध वर्ष.

पाचव्या खेपेला पाद्रीसाहेबांनी शनिवारी वही चाळायला घेतली.

"हे मार्थाबाईचे प्रकरण काय आहे?" त्यांनी विचारलं. "फिर्याद कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

"कशाबद्दल?"

ते मी विचारलंच नव्हतं.

साहेबांनी मागची पानं उलटली. नियमांच्या पानावर बोट ठेवलं. "निकाल लागेपर्यंत दोन्ही पक्षांनी प्रभुभोजन घेऊ नये," त्यांनी वाचलं. "ही चारही प्रभुभोजने तिने घेतली नाहीत. तुम्ही घेतलीत?"

मी घेतली होती. चारही. तीही पहिल्या रांगेत बसून. हा नियम मलाही लागू आहे, हे वर्षभरात एकदाही माझ्या मनाला शिवलं नव्हतं. साहेबांनी वही मिटली आणि माझ्यापुढे सरकवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तसाच मावशीच्या घरी गेलो. ती आत एकटीच दळत होती. जातं थोरलं, दोन माणसांचं. दोन फेरे झाले की ती थांबायची, श्वास घ्यायची.

"या मास्तर," ती म्हणाली. जशी मी कालच येऊन गेलो होतो.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. "मावशी, तुमचं माझ्याशी काय भांडण आहे ते सांगा. माझं चुकलं असेल तर मी साहेबांपुढे कबूल करतो."

ती मान खाली घालून सुपातले खडे वेचत राहिली.

"काईच नाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"भांडन नोतंच बाप्पा. तुमी ते कलम वाचलं, अन् तवापासून माह्या घरी कोनी येऊन नाई राहिलं. आधी घर कसं भरून राहे. शिव्या देत येत, पन येत. मंग घरात बोलाले कोनीच नाई. म्हटलं, मास्तरले भांडन हाये म्हनलं, तं मास्तर तरी येईल. दोन घटका बसंल."

"मग प्रभुभोजन का सोडलं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की उपदेशक असून एवढं कळू नये!

"देवाच्या भोजनाच्या आदल्या दिवशी खोटं बोलली ना मी. नसलेलं भांडन सांगतलं. ते तोंड घेऊन पेल्याले कशी लागू? तुमच्यापाशी येऊन कबूल करावं म्हटलं, तं तुमी तं आधीच म्हनलं होतं, लिहून आना. मले कुठी लिवता येते?"

एका एकट्या बाईने माणूस घरी यावं म्हणून एक भांडण रचलं, आणि त्याची शिक्षा स्वतःच वर्षभर भोगली. मी तिचं दार बंद केलं होतं, आणि दर खेपेला सगळ्यांच्या आधी भाकर मोडली होती. मी तिच्यासमोर मट्कन बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "बसलेच हा तं हात लावा. माह्यानं एकटीनं नाई वढत."

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा बायकांच्या पुढच्या रांगेत बसली. पुरुषांत पेला फिरला. माझ्यापर्यंत आला तेव्हा मला तो उचलवेना. मी मान खाली घालून तो पुढे जाऊ दिला. कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं. पेला बायकांकडे गेला. मावशीच्या हातात आला, आणि मावशी उठली. पेला दोन्ही हातांत धरून ती मधली वाट ओलांडून सरळ पुरुषांच्या बाजूला आली. असं कुणी कधी केलं नव्हतं. योहानरावांनी सतरंजीवरचे पाय आखडून घेतले. पाद्रीसाहेब वाचता वाचता थांबले.

"मास्तर," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमचं राहिलं."

सगळी मंडळी माझ्याकडे पाहत होती. मी पेल्याला हात लावले. तिने तो सोडला नाही. मी घोट घेईपर्यंत धरून राहिली, आणि मग तिथेच, माझ्यासमोर उभी राहून, तिने आपला घोट घेतला.