वय: सात महिने (सूत्रानुसार)

माणसाची आठवण फसवी असते, सूत्र कधी फसवत नाही. म्हणूनच शिकल्यासवरल्या घरात मूल जन्मलं की आधी दुपटी येतात आणि पाठोपाठ स्प्रेडशीट.

या घरातल्या शीटला अकरा रकाने होते. जन्मतारीख बाळाच्या आईनं एकदाच टाकली: ५/८. आजची तारीख शीट रोज आपणहून घेई आणि डेटडिफ नावाचं सूत्र दोन्हींतलं अंतर पूर्ण महिन्यांत काढी. (हे सूत्र सुचवण्यांच्या यादीत दिसत नाही, ज्याला माहीत त्यालाच माहीत. तिला माहीत होतं, हे तिनं तीन मैत्रिणींना सहज म्हणून सांगितलं होतं.) पुढे मान धरणे, पालथं पडणे, बसणे. वेळेत झालं तर हिरवं, नाहीतर लाल.

आठ डिसेंबरला बाळ सात महिन्यांचं भरलं आणि बसत नव्हतं. रकाना लाल झाला. बाळाला तशी कल्पना देण्यात आली. त्यानं मूठ तोंडात घातली.

"अगं, चार महिन्यांचं लेकरू बसेल कसं?" सासूबाई म्हणाल्या.

"सात, आई."

सासूबाईंनी एकेक बोट दुमडलं. "सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. झाले की चार."

बोटांवर मोजणाऱ्या पिढीशी वाद घालू नये, असं तिनं कुठंसं वाचलं होतं. त्याऐवजी गरोदरपणी आपलं काय चुकलं, यासाठी तिनं बारावा रकाना काढला. तो लगेच भरला.

डॉक्टरीणबाईंनी फाइल पाहिली, बाळ पाहिलं, मग शीट पाहिली. "या शीटनं अमेरिकन पद्धतीनं महिना आधी वाचलाय. पाच ऑगस्टची आठ मे केलीय."

आठ मेला ती सहा महिन्यांची गरोदर होती, आणि जन्माच्या वेळी तर जातीनं हजर होती. पण ती साक्ष तोंडी पडली.

"बाळाला औषध नको," बाई म्हणाल्या. "शीटला हवं असेल तर सांगा."

तारीख सुधारली, रकाने हिरवे झाले. चार मिनिटं ती सुखात होती. मग तिनं शेजारणीला फोन लावला. "तुमच्या बाळाची तारीख काय हो? सहजच." शेजारणीनं तारीख सांगितली, वजन न विचारता सांगितलं.

वाचकांनी खुशाल हसावं. फक्त, मघाशी आपलं मूल नेमकं कितव्या महिन्यात बसलं होतं हे ज्यांनी मनात मोजून पाहिलं, त्यांनी उत्तर कळवावं. तेरावा रकाना रिकामा आहे.