मीठ पेटत न्हाई

आमच्या बिलोलीकर सरांचा मोबाइल वाळूच्या मडक्यात राहतो. वाजला की सर बाही सारून कोपरापर्यंत हात घालतात, फोनवरची वाळू फुंकतात आणि विचारतात, "हां, कोण बोलून राहिलं?" तोवर समोरच्यानं ठेवलेला असतो.

लातूरच्या ज्या क्लासमध्ये सर रसायनशास्त्र शिकवतात, तिथलं वेळापत्रक मी बघते. माझ्या तक्त्यात विद्युतरसायनाला सहा तास होते. सरांनी अकरा घेतले. त्यातले सात एकट्या आयनिक द्रवावर. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही.

"म्याडम, बॅटरीत लिथियम इकडून तिकडं पोहतं," सर जिन्यात गाठून सांगतात. "पण ज्यात पोहतं ते द्रावण म्हणजे रॉकेलचं भावंड. आयनिक द्रव निव्वळ मीठ. पाण्याचा थेंब न्हाई, तरी पातळ! तापलं तरी उडून जात न्हाई. मीठ पेटत न्हाई, म्याडम!"

"मग फोनमध्ये घालत का नाहीत?"

"लई महाग हाय. अन् घट्ट. लिथियम त्यातून तहसीलमधल्या फायलीवानी सरकतं."

हे दाखवायला त्यांनी वर्गात दोन काचनळ्या आणल्या. एकीत पाणी, दुसरीत मध. दोन्हींत सायकलचा एकेक छर्रा सोडला. मधातल्या छर्र्याला पोरांनी "चल बे, चल!" करून वर्ग डोक्यावर घेतला. त्या गोंधळात नळी कलंडली. मध खुर्चीवर सांडला आणि पाहुण्या पालकांना घेऊन आलेले संचालक त्याच खुर्चीवर बसले. पँट पांढरी होती. मुंग्या चार दिवस होत्या.

"पुढच्या तासाला मी मागं बसणार," संचालक मला म्हणाले. "अभ्यासक्रमाबाहेरचा एक शब्द निघाला, तर सरांना सुट्टी. कायमची."

सर क्लासच्याच एका खोलीत राहतात. गावचं घर भूकंपात गेलं. दुसरं ठिकाण नाही. म्हणून मी त्यांना मुद्दे लिहून दिले. वर काय बोलायचं, खाली लाल शाईत काय बोलायचं नाही.

चाळीस मिनिटं सर माझ्या कागदाबाहेर गेले नाहीत. मग हिमायतनगरची एक मुलगी उठली.

"सर, आईचा पहाटे फोन येतो. म्हणून चार्जिंगला लावून उशीखाली ठेवते. जरा फुगलाय. चालतं का?"

संचालकांशेजारून मी 'नको' म्हणून जोरात मान हलवली. सरांनी माझ्याकडं पाहिलं, संचालकांकडं पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

"न्हाई चालत, माय. फोन आत्ताच्या आत्ता बंद कर, अन् माझ्याकडं आणून दे."

पुढं तास संपेपर्यंत फुगलेली बॅटरी, तिच्यातलं द्रावण, आयनिक द्रव. सगळी लाल शाई.

बाहेर आल्यावर मी चिडले. "सर, एक तास गप्प बसता आलं नाही?"

सर बोटांवरचा खडू पुसत राहिले. "भूकंपात घर पडलं, पण माझी धाकटी बहीण वाचली होती, म्याडम. नंतर आम्ही पत्र्याच्या शेडात होतो. तिच्या उशाशी चिमणी कलंडली. रॉकेलची."

एवढंच बोलून ते मुलीचा फोन घेऊन दुरुस्तीवाल्याकडं निघून गेले.

संचालक माझ्या मागंच उभे होते. मी टेबलाशी गेले आणि नवा तक्ता लिहिला: शनिवार, दुपारी चार, आयनिक द्रव, परीक्षेत नाही. कागद त्यांच्यापुढं ठेवला.

वीस वर्षांत या माणसानं न वाचता एका कागदावर सही केलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली.