बंगल्यात असंच असतंय

कौशीकाकूंना भिंतीवर काही टांगायचं असलं की त्या आधी पायात चपला घालतात.

खिळा ठोकायचं काम नामदेवकाकांचं. ते आत स्टुलावर उभे. काकू घराबाहेर पडतात, ओटा उतरतात, गल्लीतल्या लिंबापर्यंत चालत जातात, तिथून वळतात आणि परगावची पाहुणी आल्यासारखा पदर सावरत दारात येऊन उभ्या राहतात. मान तिरपी करून बघतात.

"वर घ्या जरा."

काका फ्रेम वर घेतात.

"लई झालं. खाली."

"आता आधी हुती तितंच आली की."

"मंग तितंच बरी हुती. थांबा, पुन्यांदा येती." आणि काकू परत लिंबाकडं. काका दातात खिळे धरून, तसेच हात वर करून, मला विचारतात, "पाहुणीला च्या बी ठिवू का?"

हे सगळं कशासाठी, तर काकूंचं एकच म्हणणं असतं: आल्या-गेल्याला दिसलं पायजे.

काका-काकू आमच्या भावकीतलेच, दाराला दार लागून. आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. दसरा झाला की गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परत येतात. परतल्यावर बाकीच्या बाया आठ दिवस नुसत्या झोपतात. काकू दुसऱ्या दिवशी घर सजवायला काढतात. टोळी यंदा कुठल्या भागात होती हे त्यांना विचारावं लागत नाही. घर बघितलं की कळतं.

कारण काकूंना सजावटीची दृष्टी मिळते ती तिकडच्या बागायतदारांच्या बंगल्यांतून. फडात काम चालू असताना प्यायचं पाणी आणायला बाईमाणूस बंगल्यावर जातं. बाकीच्या बाया कळशी भरून निघतात. काकू कळशी भरेपर्यंत अख्खा हॉल डोळ्यांत भरून घेतात.

एका वर्षी सांगलीकडून आल्या आणि लोखंडी पलंगाच्या गादीला जाड पारदर्शक प्लॅस्टिक घातलं. तिकडं कुणीतरी नवा सोफा आणला असेल आणि त्यावरचं वेष्टन काढलं नसेल. काकूंनी ती फॅशन धरली. वैशाखात, आमच्या बीडच्या उन्हात, प्लॅस्टिकवर! काका म्हणायचे, "बसाया काय न्हाई गं, पर उठताना पाठीचं कातडं तितंच ऱ्हातंय." काकूंचं उत्तर ठरलेलं. "बंगल्यात असंच असतंय."

त्यानंतरचं बेळगावकडचं साल तर गल्ली अजून विसरलेली नाही. तिकडच्या एका हॉलमध्ये काकूंना सायकल दिसली. बिनचाकांची, आणि तिच्यावर टॉवेल टाकलेला. आल्या आल्या त्यांनी काकांची सायकल घेतली, दोन्ही चाकं सोडवली, खाली विटा लावून ती खोलीत बरोबर दारासमोर उभी केली आणि वर कोरा गुलाबी टॉवेल घातला.

"माझी चांगली चालती सायकल हुती," काका ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

आमच्या भावकीतली पहिली पदवीधर मी. अंबाजोगाईला शिकले, आता शिरूरच्या शाळेत शिकवते. तेव्हा खरं काय ते सांगणं मला भाग होतं. म्हटलं, "काकू, ती व्यायामाची सायकल असते. जाग्यावर बसून पायडल मारायचं."

"मारून कुठं जायाचं?"

"कुठंच नाही."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या शिक्षणावर वडिलांनी केलेला सगळा खर्च वाया गेला, असं त्या बघण्यात होतं. "कुठंच जायाचं न्हाई तर माणूस पायडल कावून मारील गं? टावेलासाठीच असती ती."

पुढं शाळेतल्या दोघीतिघींच्या घरी मी तशी सायकल पाहिली. सगळ्यांवर टॉवेलच होते. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र काकूंचा जीव टांगणीला लागला. त्यांचा विकास इतकी वर्षं चाकणला कंपनीत होता. त्यानं शिरूरला विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं आणि त्याचं लग्न ठरलं. मुलगी अश्विनी, शिरूरच्याच एका दवाखान्यात नर्स. पोरगी सरळ बोलणारी. तिनं सांगून टाकलं, की मुलगा पसंत आहे, पण मी घर बघेन आणि मग ठरवेन, गावात राहायचं की शिरूरला खोली करायची.

काकू फोन घेऊन माझ्याकडं आल्या. "ह्यात बघ माय, आजकालच्या पोरींना कसलं घर आवडतंय. तिला आवडलं तर दोघं हितं ऱ्हात्याल. न्हाईतर माझं घर हाईच पुन्हा सहा महिनं कुलपात. आमी फडातून येतो तवा दार उघडलं की कोंदट वास येतो गं. मेल्या घरावानी."

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी शोधलं. 'तुमच्या घराची शैली ओळखा' अशी एक प्रश्नावली सापडली. मी प्रश्न वाचत गेले.

"घरात कुठं बसलं की तुम्हाला निवांत वाटतं?"

"बसते कवा मी?"

"काहीतरी सांगा."

"उंबऱ्यात लिही."

"घरात शिरताना पहिल्यांदा तुमची नजर कुठं जाते?"

"कुलपावर. कुणी फोडलं न्हाई ना."

पर्यायांत कुलूप नव्हतं. मी जवळचं काहीतरी दाबलं. असं करत शेवटी निकाल आला: तुमची शैली, कमीत कमी सामान, मोकळी जागा, नैसर्गिक साहित्य.

काकूंनी तो मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "ही तर आमची कोपी झाली की. पाचटाचं झोपडं, दोन भांडी, तीन दगडांची चूल आन् बाहिर समदं मोकळंच. ती इस्टाईल हाय? मंग मुकादमाला सांगावं, तुजी कोपी लई फॅशनची हाय बाबा." आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की ठसका लागला.

प्रश्नावली बाद झाली. काकूंनी आजवर पाहिलेले सगळे बंगले एकत्र करायला घेतले. समोरच्या भिंतीला आकाशी रंग, बाजूच्या दोन्हींना पिवळा. कोपऱ्यात कागदी फुलांची उंच फुलदाणी. छताला चकाकत्या पट्ट्या. काकांनी त्या आठवड्यात लिंबापर्यंतच्या काकूंच्या इतक्या खेपा बघितल्या की म्हणाले, "एवढं चाललीस त्यात शिरूर आलं असतं."

अश्विनी आली ती आई आणि मामांना घेऊन. "तू शिकलेली हायस, तू बोल," म्हणून काकूंनी मला बोलावून ठेवलं होतं. पाहुणे दारात आले आणि थबकले. खरं सांगते, दारातून ते घर झकास दिसत होतं. अश्विनीची आई म्हणाली, "किती हौसेनं केलंय!" काकूंचा चेहरा फुलला.

मग मंडळी आत जाऊन बसली.

त्या खोलीतून मी शेकडो वेळा स्वयंपाकघरात गेले असेन, पण तिथं बसले कधीच नव्हते. कुणीच बसायचं नाही. गप्पा ओट्यावर, जेवण चुलीपुढं. त्या दिवशी पाहुण्यांबरोबर मीही पलंगावर टेकले, दाराकडं तोंड करून, आणि मला ती भिंत दिसली. दाराची भिंत. तिला रंग नव्हता. नुसतं सिमेंट, गवंड्यानं थापी फिरवून सोडलेलं. एक खिळासुद्धा नाही.

मामांनाही दिसली. "रंग कमी पडला का काय?" ते म्हणाले. वाईट हेतूनं नाही, पण म्हणाले.

मी तोंड उघडलं. काम अजून चालू आहे, असं सांगणार होते. काकूंनी मला हातानंच थांबवलं. त्या तेव्हाही उंबऱ्याशी उभ्या होत्या, चहाचा ट्रे धरून.

"काम न्हाई चालू," त्या म्हणाल्या. "मला ती भित म्हाईत न्हाई. आमी बंगले बघितले ते दारात उभं ऱ्हाऊन. कळशी भरूस्तवर. दारातून ती भित दिसत न्हाई. तिला लोक काय करत्यात, रंग देत्यात का तशीच ठिवत्यात, कुणाला इचारावं?"

मामा चपलांकडं बघत बसले. शेवटी काकाच म्हणाले, "मला तर वाटलं, हिला ती भित आवडत न्हाई."

अश्विनी उठली. तिनं काकूंच्या हातातला ट्रे घेऊन माझ्याकडं दिला आणि म्हणाली, "आत्या, या इकडं. बसा माझ्याजवळ."

"नगं माय, मी हितंच बरी."

"या म्हणते ना."

काकू आत आल्या. पलंगाच्या कडेवर बसल्या, प्लॅस्टिक चुरचुरलं. मग थोड्या मागं सरकल्या. त्या कोऱ्या भिंतीकडं बघितलं, उघड्या दारातून बाहेर बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिल्या.

"आगं माय," एकदम त्या मला म्हणाल्या, "हितून तर समदी गल्ली दिसती की! ती बघ, तुझी आई वाळवण काढायली. आन् शेळी बघ कुणाची, तिच्या सांडग्यांवर चालली. आगं, पळ!"

मी पळाले. पुढचं बोलणं माझं हुकलं. शेळी हाकलून, आईची बोलणी खाऊन परत आले तेव्हा अश्विनी सांगत होती, "शिरूरची खोली नको. इथंच राहू आम्ही. पण ही भिंत मला पाहिजे तशी मी रंगवणार."

"रंगव की. पर बंगल्यात..." काकू म्हणाल्या, आणि थांबल्या. "तुला पायजे तशी रंगव."

जेठात लग्न झालं. दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा काकूंनी पहिल्यांदाच दाराला कुलूप न लावता ट्रॅक्टरची ट्रॉली गाठली. लावायची सवय इतकी, की वाटेतून दोनदा फोन करून त्यांनी विचारलं, दार नीट लोटलंय ना.

संक्रांतीला अश्विनीनं हळदीकुंकू केलं. मागं राहिलेल्या सगळ्या बाया आल्या. खोली अशी गच्च भरली होती, की वाण घेऊन फिरायला तिला वाट मिळेना. तेवढ्यात काकूंचा व्हिडिओ कॉल आला. फोन माझ्या हातात होता. पलीकडं उसाचं पाचट, डोक्याला बांधलेलं फडकं आणि घामानं चमकणारं काकूंचं तोंड.

"काकू, थांबा, अश्विनीनं रंगवलेली भिंत दाखवते," मी म्हटलं.

"भित ऱ्हाऊ दे गं. बाया दाखव."

मी फोन फिरवला. एकेक जण हात हलवत होती, "कौशाबाई, तिळगूळ घ्या" म्हणत होती. काकू पडद्याला डोळे लावून एकेक तोंड बघत होत्या. फोन दारापर्यंत फिरला, तोच त्यांचा आवाज आला.

"ती दारात कोण उभी हाय गं?"

मी वळून पाहिलं. गावाबाहेर मेंढरं घेऊन उतरलेल्या मेंढपाळांच्या वाड्यावरची एक बाई होती. कळशी काखेत घेऊन, उंबऱ्याच्या बाहेर, आत डोकावत.

"पाण्याला आलेली आहे, काकू."

"पाणी मागाहून दी," काकू म्हणाल्या. "आधी तिला आत बोलव. आत बसव."

बसायला जागा नव्हती. मग दोघीतिघी सरकल्या.