पॅनोरमाशी रमेचा संबंध

पद्माकर कर्णिकांचा चष्मा सापडत नव्हता आणि रमाबाई तो शोधून देत नव्हत्या. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्या तळमजल्यावरच्या क्वार्टरमध्ये चष्मा हरवणं रोजचंच होतं. तो शोधून न देणं मात्र नवं होतं. कर्णिक फ्रिजच्या डोक्यावर, देव्हाऱ्यामागे आणि बांधून ठेवलेल्या खोक्यांच्या फटींत चाचपत फिरत होते. रमाबाई व्हरांड्यातल्या उन्हात शांतपणे मटार सोलत बसल्या होत्या.

"अगं, चष्मा पाहिलास का?"

"चष्म्याचा आणि माझा काडीचाही संबंध नाही," रमाबाई म्हणाल्या आणि सोललेल्या शेंगेतल्या सगळ्यात लहान दाण्याकडे कौतुकाने बघत राहिल्या.

या वाक्याचं मूळ शोधायचं तर आदल्या रविवारपर्यंत मागे जावं लागतं. मूळ शोधण्याचा सोस खरा कर्णिकांचा. सरकारच्या परिभाषा ठरवणाऱ्या एका कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. दिवसभर ते इंग्रजी शब्दांना देशी कपडे शिवत, आणि संध्याकाळी चहा पिता पिता एखाद्या शब्दाचं बोट धरून थेट ग्रीसला पोचत. परत येईपर्यंत चहा थंड झालेला असे. रमाबाई काही न बोलता तो पुन्हा गरम करून आणत, आणि तो चहा आपोआप गरम होतो अशी कर्णिकांची समजूत झाली होती.

आता पार्कभोवतीचे सगळे जुने क्वार्टर पाडायचे होते. त्यांच्या जागी टॉवर येणार होते. कुणी नोएडाला निघालं होतं, कुणी द्वारकेला. कर्णिक या महिन्यात रिटायर होत होते. त्यांचं बिऱ्हाड गुडगावला जायचं होतं, म्हणजे मानेसरला नोकरी करणाऱ्या अपूर्वाला, त्यांच्या मुलीला, कंपनीची बस घराजवळून मिळाली असती. निरोपाआधी सगळ्यांचा एकत्र फोटो काढावा म्हणून मंडळी कर्णिकांच्या व्हरांड्यात जमली. वरच्या मजल्यावरचे शशिकांत दळवी सहज म्हणाले की अख्खा पार्क यायला हवा, तेव्हा पॅनोरमाच मारू या. तो शब्द कर्णिकांच्या कानावर पडला आणि बैठक संपल्यात जमा झाली.

कर्णिकांना दुःख झालं होतं. या शब्दाचे किती हाल केले लोकांनी, ते म्हणाले. बिल्डरच्या जाहिरातीत समोरच्या इमारतीच्या मोऱ्या दिसतात, तरी त्याला म्हणे पॅनोरमिक व्ह्यू. फोनवाल्यांनी तर त्याचं बटणच करून टाकलं. ग्रीक भाषेत पॅन म्हणजे सर्व आणि होरामा म्हणजे दृश्य. सव्वादोनशे वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या एका चित्रकाराने स्वतःच्या चित्रासाठी या दोन शब्दांचा एक शब्द घडवला. मोठी गोल इमारत, तिच्या आतल्या भिंतीवर फिरून सगळीकडे एकच चित्र, आणि बघणाऱ्यांनी मधोमध उभं राहायचं. चोहीकडे शहर, चोहीकडे आकाश. चित्राला डावी कडा नाही, उजवी कडा नाही, सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळायचंच नाही.

हे सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला की ऐकणाऱ्यांना क्षणभर व्हरांडाच सावकाश गोल फिरतोय असं वाटलं. पुढे तो शब्द त्या इमारतीतून बाहेर पडला, कर्णिक म्हणाले. आधी तो चित्राचं नाव होता, मग कुठल्याही विशाल देखाव्याचं झाला, मग इतिहासाचा पॅनोरमा, वर्तमानपत्रातला पॅनोरमा. दर वेळी त्याची गोलाई थोडी थोडी झिजत गेली. आता उरली आहे ती नुसती लांबडी पट्टी. तेव्हा काढायचा तर अस्सल काढू. सगळ्यांनी पार्कभोवती गोल उभं राहायचं आणि आपण मधोमध बसून फिरायचं.

एवढ्यात रमाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. दळवींना थट्टेची हुक्की आली.

"वहिनी, अच्छा हुआ आलात. तुमचंच नाव आहे बघा यात. पॅनो-रमा. पान खाणारी रमा."

सगळे हसले. रमाबाईही हसल्या, थोड्या लाजल्याही. पण कर्णिक अजून ग्रीसमध्येच होते.

"शशिकांत, व्युत्पत्ती ही थट्टेची गोष्ट नाही. रमेचा यात काडीचाही संबंध नाही."

रमाबाईंनी ट्रे खाली ठेवला. त्या दिवशी कर्णिकांचा चहा थंड झाला तो थंडच राहिला.

तेव्हापासून विजेच्या बिलाशी, मोज्यांच्या जोडीशी, रक्तदाबाच्या गोळीशी रमाबाईंचा काडीचाही संबंध उरला नव्हता. फोटोत तर त्या उभ्याच राहणार नव्हत्या. कर्णिकांनी आधी हे फारसं मनावर घेतलं नाही. पण मग खोक्यात भरायला अपूर्वाने घरातले अल्बम काढले आणि ती खालीच फतकल मारून बसली.

"बाबा, आई एकाही फोटोत नाहीये."

कर्णिक हसले. असं कसं होईल? त्यांनी पानं उलटली. कुतुबमिनारजवळ ते होते, अपूर्वा होती, गावाकडचे पाहुणे होते. वाढदिवसाच्या केकभोवती अख्खी कॉलनी होती. रमाबाई नव्हत्या. म्हणजे त्या तिथेच होत्या, पण चौकटीच्या जरा बाहेर. कुणाची पर्स धरून, कुणाच्या चपला सांभाळत, कुणाचं नाक पुसायला रुमाल काढत. मसुरीच्या एका फोटोत फक्त कोपऱ्यात पदराचं टोक उडत होतं. कर्णिकांनी तो फोटो डोळ्यांशी धरला. "ही तिची निळी साडी," ते म्हणाले.

त्यांना फार वाईट वाटलं. आता पॅनोरमा गोल झाला नसता तरी चाललं असतं, पण या घरासमोरच्या शेवटच्या फोटोत रमा हवी होती. मात्र ग्रीक शब्द तोंडपाठ असणाऱ्या या गृहस्थांना 'चुकलं' हा साधा मराठी शब्द काही उच्चारता येईना. ते व्हरांड्यात गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "अगं, सगळे असले आणि तू नसलीस, तर 'पॅन'ला काही अर्थच राहत नाही."

"मग दुसरा शब्द शोधा," रमाबाई म्हणाल्या.

तर रविवार उजाडला, आणि कर्णिक बिनचष्म्याचेच पार्कात उतरले. फाल्गुनातलं ऊन होतं, अंगावर शाल टाकावी तसं. सेमलच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, झाडाला पानं नव्हती, नुसती लाल फुलं होती, आणि मधूनच एखादं फूल धप्पकन गवतावर पडत होतं. मंडळी ठेवणीतले स्वेटर घालून गोल उभी राहिली होती.

पहिला प्रयत्न कर्णिकांनी उभ्यानेच फिरून केला. अर्ध्यात त्यांना चक्कर आली. फोटोत दळवींना दोन नाकं आली होती आणि कॉलनीच्या कुत्र्याला सहा पाय. तेव्हा दळवींनी घरून आपली ऑफिसची फिरती खुर्ची आणली. तिची चाकं गवतात रुतायला लागली म्हणून कर्णिकांचा दिवाण उचलून पार्काच्या मधोमध ठेवला, दिवाणावर खुर्ची, खुर्चीत कर्णिक आणि कर्णिकांच्या हातात अपूर्वाचा फोन. खाली बसून खुर्ची फिरवण्याचं काम दळवींनी घेतलं. आपण एकदा दोन नाकांनी येऊन चुकलो आहोत, आता नाही आलो तरी चालेल, असं ते म्हणाले.

खुर्ची मात्र इतकी कुरकुरत होती की फिरताना हिसके बसत. कुणीतरी व्हरांड्याकडे तोंड करून तेल मागितलं. तेलाचा आणि आपला संबंध नाही असं तिकडून उत्तर आलं. पण थोड्या वेळाने दिवाणाच्या कडेला खोबरेल तेलाची बाटली ठेवलेली दिसली. ती कुणी ठेवली, हे कुणी विचारलं नाही.

"बाबा, फक्त तो पिवळा ॲरो बघा. तो लाइनवरून हलायला नको, बस," अपूर्वाने बजावलं आणि ती पळत जाऊन आपल्या घराच्या पायरीजवळ उभी राहिली. तिथेच फेरी संपणार होती. तिच्या शेजारी एका माणसाची जागा तिने रिकामी ठेवली होती.

खुर्ची फिरू लागली. चष्म्यावाचून कर्णिकांना फोनमध्ये तो बाणच काय तो दिसत होता; बाकी नुसते रंग होते. पिवळट भिंती सरकत गेल्या, सेमलचा लाल ढग सरकत गेला, स्वेटरांचे हिरवे-निळे ठिपके सरकत गेले. याच पार्कात अपूर्वा चालायला शिकली, याच उन्हात आपण संत्री सोलत किती शब्दांच्या मागे हिंडलो, असं काहीबाही त्यांच्या मनात येऊ लागलं. आपण फिरतोय की कॉलनी आपल्याभोवती फिरतेय ते त्यांना कळेना. मधूनच सपातांची हलकी सरसर ऐकू येत होती. ती त्यांना वाळक्या पानांची वाटली.

ती रमाबाईंची होती. खरं तर त्या मटार घेऊन बसून राहणार होत्या. पण समोर कॉलनीतले सगळ्यात वयस्कर दिनकरराव रिंगणात त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्चीतच झोपी गेले होते आणि त्यांची कानटोपी थेट नाकावर उतरली होती. शेवटच्या फोटोत हा माणूस असा पोत्यासारखा यावा, हे रमाबाईंना बघवेना. फोन तिकडे वळण्याच्या आत त्या झटकन गेल्या आणि टोपी वर केली. तोवर पुढे दळवींच्या बायकोचा, अरुणाताईंचा, स्वेटर उलटा दिसला, लेबल बाहेर. रिंगणाच्या मागून रमाबाई तिकडे. त्याच्या पुढे दोरीवर कुणाचा तरी पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा वाळत होता, तो ओढून काढला. त्याच्या पुढे कुत्रा अंग खाजवत आला, त्याला चुचकारून बसवला. फोन जिथे पोचणार तिथे त्याच्या दोन पावलं आधी रमाबाई. अखेर दम लागून त्या आपल्याच घराच्या पायरीवर अपूर्वाशेजारी टेकल्या, लेंग्याने कपाळ पुसलं, आणि सहज समोर बघितलं. तेवढ्यात खुर्ची थांबली.

फोटो बघायला सगळे अपूर्वाभोवती गोळा झाले. आधी एक जण फिसकन हसला, मग दुसरा, मग हसू आवरेनासंच झालं. "आई इज एव्हरीव्हेअर," अपूर्वा म्हणाली. रमाबाईंनी ओठाला पदर लावला.

"काय झालं? बिघडला का?" कर्णिक दिवाणावरूनच विचारत होते. त्यांनी फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला. रंग सगळे दिसत होते.

रमाबाई दिवाणाजवळ आल्या. त्यांनी कर्णिकांच्या कोटाच्या वरच्या खिशातून चष्मा काढला, पदराने पुसला आणि त्यांच्या नाकावर बसवला. सकाळपासून तो तिथेच होता.

कर्णिकांनी फोटो बघितला. बाकीचे सगळे एकेकदाच होते. टोपी सारखी करणारी रमा होती. लेबल आत खोचणारी रमा होती. लेंगा ओढणारी, कुत्र्यापुढे वाकलेली, आणि शेवटी आपल्या पायरीवर बसून थेट त्यांच्याकडे बघणारी रमा होती. कर्णिकांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

दळवींना वाटलं, साहेब नाराज झाले. "परत काढू या का? वहिनी बसतील एका जागी. क्यूं वहिनी?"

"बिल्कुल नको," कर्णिक म्हणाले. "शशिकांत, व्युत्पत्ती तुझीच बरोबर होती. माझी चुकली."

रमाबाईंनी हे ऐकलं, पण ऐकलंसं दाखवलं नाही. त्या फोनवर वाकून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधत होत्या.

"पण तुम्ही कुठे आहात यात?"

"मी कसा असेन? बघणारा मधोमध असतो, म्हणून तो चित्रात नसतो. हेच तर गेल्या रविवारी—"

"म्हणजे तुमचाच यात काडीचाही संबंध नाही," रमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा सकाळपासून थंड झालेला चहा गरम करायला आत गेल्या.