खरातमामांची जित्राबं

खरातमामा कपाटाला कान लावून उभे राहत. डोळे मिटलेले, एक बोट वर. त्या वेळी कुणी नुसतं खोकलं तरी अंगावर येत. "गप! आत कोण कुरतडतंय ते ऐकू द्या की!"

औरंगाबादच्या एका वस्तुसंग्रहालयात मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा मला वाटलं, म्हातारा सरकलाय. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच कपाटाची मागची फळी उचकटली. आतून किड्यांनी पोखरलेला मूठभर भुसा सांडला. त्यानंतर मी त्यांच्याजवळ कधी खोकलो नाही.

पोलीस ॲक्शननंतर थोड्याच वर्षांत ते इथं पहारेकरी म्हणून लागले आणि हळूहळू कोठाराचे मालकच झाले. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. त्यामुळे कोठारातली जुनी चित्रं मामांच्या लेखी जित्राबंच. चित्रं एकमेकांना टेकलेली दिसली की "दाटीनं रोग पसरतो" म्हणत मधे वीतभर जागा करायचे. एकदा नव्या संचालकांनाच त्यांनी दारात अडवलं. "साहेब, पान खाऊन आत नाय यायचं." गुलमंडीवरून नुकतंच लावून आणलेलं पान साहेबांनी मुकाट्यानं बाहेर जाऊन थुंकलं.

मामांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना नवी इमारत मंजूर झाली. मुंबईहून आर्किटेक्ट आले. तरुण, हुशार, गोड बोलणारे. त्यांच्या नकाशात कोठार तळघरात होतं.

"थंड राहील, आणि वरची जागा दालनांना मिळेल," ते म्हणाले.

मामांनी नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "पाण्याला खाली उतरायला कुणाची इजाजत लागती का?"

"भिंतींतून थेंबही येणार नाही, मामा."

"मग तुमी ऱ्हावा तिथं. माझी जित्राबं नाय उतरायची."

संचालकांनी समजावलं, मग दम भरला. मामांनी माझ्याकडून अर्जावर अर्ज लिहून घेतले. एकाचंही उत्तर आलं नाही.

शेवटी एका रविवारी मामांनी मला पटांगणात बोलावलं. हातात फक्कीची बादली. नकाशातला तळघराचा जिना, बोळ, दार, सगळं त्यांनी खऱ्या मापानं जमिनीवर आखलं. शहागंजातल्या सुताराकडून आमच्या सर्वांत मोठ्या चित्राएवढी रिकामी चौकट आणली होती.

सोमवारी आर्किटेक्ट आले. मामांनी चौकटीचं एक टोक त्यांच्या हाती दिलं. "चला साहेब, चित्र बाहीर काढू. तळघरात पाणी शिरलंय समजा."

बोळाच्या वळणावर साहेबांचा पाय रेघेवर पडला.

"भिंतीत घुसलात. मागं व्हा."

चौकट आडवी केली, तिरकी केली. वळेना. "पाणी गुडघ्याला लागलं, साहेब," मामा शांतपणे सांगत होते. तिसऱ्या खेपेला आर्किटेक्ट थांबले. चौकट खाली ठेवून तिथंच मातीत बसले.

"तुम्ही कुठं ठेवाल, मामा?"

मामांनी सांगितलं. पहिला मजला, उत्तरेची खोली, रुंद दार, वाटेत वळण नाही. भिंतीपासून आणि जमिनीपासून हातभर सुटे, बाहेर ओढता येतील असे जाळीचे रॅक. आर्किटेक्ट दुपारपर्यंत लिहून घेत होते.

आणि तसंच कोठार झालं. चित्रं हलवून झाल्यावर मामा माझ्या टेबलाशी आले, चाचरले. "बाईला आत आणलं तर चालंल का? कायद्यात बसतं का?"

दुसऱ्या दिवशी छावणी भागातल्या घरून ते मामींना घेऊन आले. मामींची दृष्टी लग्नानंतर काही वर्षांतच गेली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मामांनी त्यांचा हात धरून आत आणलं आणि एक रॅक ओढला.

"ही तिसरी," ते म्हणाले.

"हिरव्या लुगड्याची? हातात पोपट हाय ती?"

"व्हय."

"तिच्या कानापाशी रंग उडाला व्हता. वाढला का वं?"

"नाय. हाय तेवढाच हाय."

मी वाकून पाहिलं. कानाच्या पाळीशी नखाएवढा रंग गेला होता. इतक्या वर्षांत तो माझ्या नजरेला कधी पडला नव्हता. मामा रोज संध्याकाळी घरी जाऊन काय सांगत असतील, ते मला तेव्हा समजलं.

"मोकळी झाली बिचारी," मामी म्हणाल्या.

मामांनी रॅक हळूच आत सरकवला, मामींचा हात पुन्हा धरला आणि दोघं पुढच्या चित्राकडे गेले.