गेटवरचं फॉलिन

पाहुण्यांना अकराऐवजी साडेदहाची वेळ सांगितली, एवढाच माझा गुन्हा. त्यासाठी कोर्ट मार्शल होणार असेल तर खुशाल होऊ द्या. ती वेळ बरोबर होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला अकरा म्हणजे अकरा हे पटतच नाही. आमच्याकडे त्याची पद्धत ठरलेली होती. कर्नलसाहेब म्हणायचे, जनरलसाहेब अकराला येणार. कॅप्टनसाहेब सुभेदाराला दहा सांगायचे. सुभेदार हवालदाराला आठ सांगायचा आणि हवालदार जवानांना पहाटे पाचला मैदानात फॉलिन करायचा, म्हणजे ओळीत उभं करायचा. एकदा ऐन थंडीत आम्ही असे सहा तास कडक इस्त्रीत उभे होतो. जनरलसाहेब आलेच नाहीत. चहा आला, तोही गार. पण उशीर कुणालाही झाला नाही, हे लक्षात घ्या.

रिटायर होऊन खारघरला राहायला आलो तरी हा रिवाज मी घरात चालू ठेवला. माझी बायको सुनयना त्याला पुरून उरली. मी सांगितलेल्या वेळेत ती सरळ दीड तास मिळवते. (म्हणून मी आणखी अर्धा तास आधीची वेळ सांगतो. आता तेही तिला कळलंय.)

तर आमच्या अबोलीने स्वतःच स्वतःचं लग्न जमवलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, नाव रणजीत. तुर्भ्याला राहतो. नाकारण्यासारखं काही सापडलं नाही. आता फक्त त्याच्या घरच्यांनी एका रविवारी येऊन पोहे खायचे आणि होकार द्यायचा बाकी होता. "पप्पा, त्या दिवशी घरात मिलिटरी नको," असं अबोलीने मला चार वेळा बजावलं. त्याचे वडील शिवरामराव एका गोडाऊनवर सुपरवायझर आहेत, एवढंच ती बोलली. मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅप केलं : 'रविवार, १०.३० वाजता हजर राहावे.' यात मिलिटरी कुठे आहे?

रविवारी सव्वाआठला मी दाढीचा साबण लावून बसलो होतो. अर्धा गाल झाला होता. तेवढ्यात खालून वॉचमन पोपटचा इंटरकॉम आला.

"मेजरसाहेब, पाच पावनं आल्यात. वर चला म्हनलं तर टाइम झाला न्हाई म्हनत्यात. लायनीत उबं हायत."

इथे थोडा खुलासा करायला हवा. मी मेजर नाही. मी हवालदार क्लार्क. पण आमच्या साताऱ्याकडे फौजेतून परतलेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतं, मग त्याने तिथे लंगरात भाकऱ्या थापल्या असोत. गावचा एक जण सोसायटीत आला, त्याने मला मेजर म्हटलं, पोपटने ते ऐकलं आणि महिन्याभरात चारही विंगमध्ये मी मेजरसाहेब झालो. (मी दुरुस्ती केली नाही. तसा वरून आदेश नव्हता.)

गॅलरीतून वाकून पाहिलं. गेटपाशी चार पुरुष उंचीप्रमाणे ओळीत उभे होते आणि एक बाई पोपटच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. उजव्या टोकाचा म्हातारा पाय फाकवून, हात पाठीमागे बांधून, छाती काढून उभा. गोडाऊनचा सुपरवायझर असा उभा राहत नाही. मी वळून अबोलीकडे पाहिलं तर ती पडद्याआड सरकत होती.

मग सगळं बाहेर पडलं. शिवरामराव रिटायर्ड सुभेदार. म्हणजे माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर. दोन फौजी भेटले की लग्न बाजूला राहतं आणि पोस्टिंगच्या गप्पा सुरू होतात, या भीतीने अबोली आणि रणजीत दोघांनीही आपापल्या बापाला दुसऱ्याच्या बापाविषयी काही सांगितलं नव्हतं. सुभेदाराने माझ्या साडेदहात स्वतःचे दोन तास घातले होते. खरं सांगतो, मला माणूस तिथेच आवडला.

मी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "जय हिंद, मेजरसाहेब!"

पोपटने काम केलं होतं. मी म्हणालो, या की वर. ते म्हणाले, साहेबांनी साडेदहा सांगितलेत, आम्ही त्याआधी पाऊल टाकणार नाही, आपण निवांत आवरा. मी पुन्हा विनवलं. ते म्हणाले, मेसेज लेखी आहे, साहेब. फौजेत लेखी हुकमापुढे बोलायची सोय नसते, हे मी त्यांना काय सांगणार? तसले हुकूम टाइप करण्यातच माझी नोकरी गेली.

ऊन चढत होतं. मॉर्निंग वॉकवाले थांबून विचारत होते की आज झेंडावंदन आहे का. पोपटही काठी घेऊन ओळीत पाचवा जाऊन उभा राहिला. सुनयना पदर खोचून म्हणाली, "पावनं दारात वाळत घातल्यात तुमी. मेजर समजतायत ना ते? मग द्या हुकूम आन आना वर."

तोड बिनचूक होती. मी पुन्हा फोन उचलला, मेजरला शोभेल असा घसाही साफ केला. पण अबोलीने फोनवर हात ठेवला.

"पप्पा, आज ते मेजर समजून वर येतील. लग्नात सगळ्यांना तसंच सांगतील. नंतर खरं कळलं की त्या घरात मला मान वर करता येईल का? तुम्ही हवालदार आहात याची मला कधी लाज वाटली नाही. तुम्हाला वाटते?"

हा वार वर्मी लागला. लाज? मला? माझ्या टाइपरायटरखालून गेल्याशिवाय आमच्या बटालियनमध्ये एकाही शूराची रजा मंजूर झाली नाही! हे मी तिला ठणकावून सांगितलं. "मग खाली जाऊन सांगा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पोरीपुढे माझं आजवर कधी चाललेलं नाही. मी तसाच निघालो. बनियन, लुंगी आणि एका गालावर साबण.

मला पाहताच सुभेदारांनी टाच आपटली आणि सॅल्यूट ठोकला. सुभेदाराचा सॅल्यूट मला जन्मात कधी मिळाला नव्हता. तीन सेकंद मी तो खाल्ला, खोटं कशाला बोलू. चौथ्या सेकंदाला म्हणालो, "हात खाली घ्या, साब. मी मेजर नाही. हवालदार क्लार्क बाबासो."

सगळ्यात जास्त पोपट दुखावला. सहा वर्षं फुकट सलाम मारले, असं तो काठीकडे बघत पुटपुटला. सुभेदारांनी मला चपलांपासून साबणापर्यंत सावकाश न्याहाळलं.

"हवालदार!"

"जी साब!" माझ्या रबरी चपला आपोआप जुळल्या.

"पाहुणे गेटवर आणि दाढी अर्धी? पाच मिनिटं देतो. भागो!"

लिफ्ट समोर उघडी होती. मी चार मजले जिन्याने पळत गेलो. मागून पाहुणेही आलेच, कारण हवालदाराने दिलेली वेळ सुभेदाराला लागू होत नाही.

पोहे झाले. रणजीतच्या आई, शेवंताबाई, अबोलीला जवळ घेऊन बसल्या. जाताना सुभेदार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चार लोकांत हुद्दा उतरवायला छाती लागते, हवालदार. पोरगी आमची झाली." मला फार बरं वाटलं. अबोली हसत होती, तिच्याकडे पाहून तर आणखीच.

लग्न ठरलं, माझी मेजरकी गेली आणि माझी मान ताठ आहे. बाहेर कोण काय म्हणतो याची पर्वा नाही. माझ्या घरात माझ्यावर अधिकारी कुणी नाही, असं मी परवा जेवताना सुनयनाला स्वच्छ सांगितलं आणि दुधीची भाजी ताटाबाहेर सारली. ती भांडली नाही. तिने शांतपणे मोबाइल उचलला, नंबर लावला, 'ह्यांनी दुधी टाकलाय बघा' एवढंच म्हणाली आणि स्पीकर चालू केला.

"हवालदार! दुधी?"

"खातोय, साब!" मी उठून उभा राहत म्हणालो.

"किती वेळा वाढून घेतला?"

"दुसरी वेळ, साब!"

सुनयना वाढायला आली तेव्हा मी अजून सावधानमध्येच होतो.