दोन पुड्यांवर एक फुकट

घरमालकाचं पत्र चष्मेवाल्यांनी तीनदा वाचलं. एकदा नुसत्या डोळ्यांनी, एकदा चष्मा लावून आणि एकदा दुकानातून आणलेलं भिंग धरून. तिन्ही वेळा भाडं सव्वापट झालेलंच निघालं.

"अहो, भिंगातून बघून कमी होणार आहे का ते?" बायको म्हणाली. ती बाळंतिणींच्या दवाखान्यात नर्स होती. रडणाऱ्यांशी कसं बोलायचं हे तिला नीट ठाऊक होतं.

तसं दुकान काही चष्मेवाल्यांचं नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ते काचा घासायचे. पण इमारतीतले सहाही बिऱ्हाडकरू त्यांना चष्मेवाले म्हणत, आणि तेही ओ देत. पत्रातला मजकूर थोडक्यात असा होता, की रविवारी सकाळी दहा वाजता मालक जातीनं येऊन नव्या करारावर सह्या घेतील. ज्याला हे भाडं झेपत नसेल त्यानं महिनाअखेर खोल्या रिकाम्या कराव्यात. चष्मेवाल्यांना ते झेपत नव्हतं. मुलीची शाळा इथून चार पावलांवर होती, बायकोचा दवाखाना पुढच्या चौकात होता, आणि दुसरीकडे जायचं म्हणजे दोघांचे अर्धे पगार बसच्या तिकिटांत जाणार होते.

"काटकसर करू," ते म्हणाले.

"आता आणखी कशात?" बायकोनं विचारलं, आणि ते खरंच होतं. पेपर ते पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडून एक दिवस शिळा आणत. केस बायकोच कापायची, त्यामुळे डावीकडून ते जरा वेगळेच गृहस्थ दिसत. टूथपेस्टची नळी संपली की कात्रीनं उभी चिरून आणखी चार दिवस चालायची. दुकानात ते पायी जात आणि झिजलेल्या चपलेला रबराचं ठिगळ लावून पायीच परत येत.

मंगळवारी मास्तरीणबाईंनी जिन्यात सभा बोलावली. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून नोकरीत होता. "पलीकडच्या रस्त्यावर याच मालकाची दुसरी इमारत आहे," त्या म्हणाल्या. "तिथल्या लोकांनी एकी केली. सगळ्यांनी दंडाला पिवळ्या पट्ट्या बांधल्या. चार महिन्यांत मालक वठणीवर आला. आपणही समिती करू."

कल्पना सगळ्यांना आवडली. फक्त हॉटेलातल्या आचाऱ्याला संध्याकाळी जमत नव्हतं, टॅक्सीवाल्याला सकाळी जमत नव्हतं, आणि वरच्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याला बाळ झोपलेलं असेल तेव्हाच जमणार होतं, म्हणजे कधीच नाही. पुढची सभा कधी घ्यायची हे पुढच्या सभेत ठरवायचं ठरलं, आणि समिती तिथल्या तिथे आटोपली.

बुधवारी मुलीनं शाळेतून चिठ्ठी आणली. सोमवारपासून पांढऱ्याऐवजी आकाशी स्वेटर सक्तीचा.

नव्या स्वेटरची किंमत ऐकून चष्मेवाले दुकानातून उलट्या पावली परत फिरले आणि वाटेत त्यांना बुद्धी सुचली. आहे तोच स्वेटर रंगवायचा! रंगाची पुडी दोन कप चहाच्या पैशात मिळत होती. शिवाय दोन पुड्यांवर एक फुकट होती. एकच घ्यायची म्हणजे फुकटची पुडी दुकानात सोडून यायचं, आणि ते त्यांच्या जिवाला सोसणारं नव्हतं.

पुडीवर लिहिलं होतं, बादलीभर उकळत्या पाण्यात रंग विरघळवा. बादलीभर पाणी उकळायचं म्हणजे केवढा गॅस जळणार! याउलट तळमजल्यावर सगळ्यांच्या वापरासाठी वॉशिंग मशीन होतं, ते पाणी आपलं आपण तापवायचं आणि त्याची वीज भाड्यातच धरलेली होती. भिंतीवर मालकानं पाटी लावली होती, 'या मशीनमध्ये रंग, बूट व पायपुसणी घातल्यास जागा ताबडतोब खाली करावी लागेल.' पण जिन्यातल्या दिव्यासारखाच त्या खोलीतला दिवाही दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि मालकानं तो बदलला नव्हता, त्यामुळे पाटी काही दिसत नव्हती. चष्मेवाल्यांनी हा मालकाचाच दोष मानला.

गुरुवारी धुण्याची पहिली पाळी त्यांची होती. त्यांनी अंधारात चाचपडत साबणाचा खण उघडला, पुडी त्यात कोरडीच ओतली, खण लावला आणि मशीन चालू केलं. दीड तासानं स्वेटर बाहेर काढून दारातल्या उजेडात धरला. पांढरा.

दुसरी पुडी. आणखी दीड तास. पांढरा.

"अहो, खाली मुक्काम ठोकलाय का?" वरून हाक आली.

"आलोच!"

तिसरी, फुकटची पुडी घातल्यावर स्वेटर जो बाहेर आला तो विकत घेतला त्या दिवशीही इतका पांढरा नव्हता. रंगवाल्यानं पुड्यांत माती भरून दिली, असा निष्कर्ष काढून ते हात झटकत वर गेले आणि विषय संपला असं समजून जेवले.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. दारात आचारी उभा होता. चेहरा पडलेला.

"चष्मेवाले, मला डोळ्यांचा काहीतरी आजार झालाय हो."

"काय होतंय?"

"माझे पांढरे एप्रन मला निळे दिसतायत. ठिकठिकाणी."

त्यानं एप्रन पुढे केला. त्यावर निळे ढग उठले होते. खरं सांगावं असं चष्मेवाल्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ओठांतून भलतंच बाहेर पडलं. "विश्रांती घ्या. आणि कांदे जरा कमी चिरा."

आचारी बिचारा आभार मानून गेला. दुपारी मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या हातात पडदे होते आणि मुद्रा परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी सापडल्यासारखी.

"माझे पडदे निळे झालेत," त्या म्हणाल्या. "आचारी म्हणतो, तुम्ही त्याला डोळ्यांचा आजार सांगितलात. मला कुठला सांगता?"

"तुम्हाला... बाई, तुमची नजर चांगली आहे," चष्मेवाले कसंबसं म्हणाले.

शनिवारी दुपारपर्यंत टॅक्सीवाल्याचे शर्ट, वरच्या बाळाचे लंगोट आणि पाच घरच्या चादरी निळ्या झाल्या. पण खरा घाव पडला तो बायको स्वतःचा नर्सचा गणवेश घेऊन मशीनच्या खोलीतून वर आली तेव्हा. ती ओरडली नाही. तिनं गणवेश टेबलावर पसरला, खुर्ची ओढली आणि शांतपणे म्हणाली, "सांगा."

त्यांनी सांगितलं. मुलगी स्वेटर आणि रिकामी पुडी घेऊन बाजूला बसली होती. तिनं स्वेटरची पट्टी उलटून वाचली. "बाबा, यावर लिहिलंय, शंभर टक्के कृत्रिम धागा. आणि पुडीवर लिहिलंय, फक्त सुती कपड्यांसाठी."

"एवढ्या बारीक अक्षरांत कोण वाचतं?"

"लोकांना बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणूनच तू दिवसभर काचा घासतोस ना?"

संध्याकाळी ते बॅटरी घेऊन खाली गेले. मागून सगळी इमारत. टॅक्सीवाल्यानं त्यासाठी फेरी सोडली होती आणि बाळ आईच्या कडेवर जागं होतं. जी सभा मंगळवारी जमली नाही ती आज कुणी न बोलावता भरली. साबणाच्या खणात तीन पुड्यांचा निळा गड्डा जमून बसला होता आणि दर धुण्याला थोडाथोडा विरघळत होता.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?" आचाऱ्यानं आधी हे विचारलं. मग त्याला राग आला.

"उद्या दहा वाजता मालक येणार," टॅक्सीवाला म्हणाला. "मशीन बघितलं की तुम्हाला उद्याच बाहेर काढेल. महिनाअखेरसुद्धा नाही."

चष्मेवाल्यांना ते शुक्रवारपासून माहीत होतं. रात्रभर ते तेवढंच घोळवत होते. भाडं वाचवायला निघालेल्या माणसानं घरच घालवलं होतं, तेही एका स्वेटरपायी. "मी सगळ्यांचं भरून देईन," ते म्हणाले. कशातून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांची चप्पल बघून कुणी विचारलंही नाही.

शेवटी आचारीच पुढे झाला. "हे डाग-डाग घेऊन मला हॉटेलात उभं करणार नाहीत. पण सगळा एकसारखा निळा असला तर म्हणेन, नवा एप्रन आहे. भाजीला रंग नीट चढला नाही तर काय करतो आपण? पुन्हा ढवळतो."

मग गड्डा गरम पाण्यात विरघळवला, सगळ्यांचे डागाळलेले कपडे पाळीपाळीनं त्यात बुडवले, मशीन घासून पुसून लख्ख केलं. स्वेटरही एकदा शेवटचं बुडवून पाहिला. तो तसाच पांढराशुभ्र. प्रत्येक गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत पडले आणि जागा उरली नाही म्हणून स्वेटर चष्मेवाल्यांच्या गॅलरीत अगदी मधोमध, एकटाच लटकला.

रविवारी सकाळी जे वाळलं होतं ते सगळ्यांनी अंगात चढवलं, कारण दुसरं धुतलेलं होतंच काय? आचारी निळ्या एप्रनमध्ये, निळ्या कापडात सुऱ्या गुंडाळून हॉटेलात निघायच्या तयारीत दारात उभा. टॅक्सीवाला निळ्या शर्टात. मास्तरीणबाई निळ्या पडद्याआडून रस्ता न्याहाळत. जागरणानं सगळ्यांची तोंडं उतरलेली, त्यामुळे कुणी कुणाशी एक शब्द बोलत नव्हतं.

मालक वेळेवर आले. समोरच्या फुटपाथवर त्यांनी मान वर केली, आणि ती तशीच राहिली. ते पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेले, पुन्हा परत आले, पुन्हा वर बघितलं. मग खालच्या एकाही दारावर न थांबता ते थेट तिसऱ्या मजल्यावर चष्मेवाल्यांच्या दारात येऊन उभे राहिले. कपाळावर घाम होता आणि कराराची फाईल त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती.

"तुम्हीच सुरू केलंत ना हे?"

आता लपवायचं नाही, असं चष्मेवाल्यांनी पहाटेच ठरवलं होतं. "हो. मीच. बाकीच्यांचा काही दोष नाही."

"कधीपासून चाललंय?"

"गुरुवारपासून."

"तीन दिवसांत अख्खी इमारत?" मालक खुर्चीत बसले. "तिकडच्या इमारतीत नुसत्या पट्ट्या बांधायला त्यांना महिना लागला होता. आणि तुम्ही चादरी, पडदे... अहो, त्या तान्ह्या बाळालासुद्धा सोडलं नाहीत!"

"बाळाचं मलाही फार वाईट वाटतं," चष्मेवाले मनापासून म्हणाले. "आता भरपाईचं म्हणाल तर—"

"भरपाई?" मालक ताडकन उभे राहिले. "भरपाईबिरपाई काही मिळणार नाही! हे बघा, मी खालूनच वकिलाकडे जाणार होतो. तुम्ही तो पांढरा स्वेटर मधोमध लावलेला दिसला म्हणून वर आलो. म्हटलं, चला, बोलणी करायची तयारी आहे. समंजस माणूस आहे. तर तुम्हीही थोडं नमतं घ्या, मीही घेतो. यंदा भाडं वाढवत नाही. जुन्याच भाड्यावर सही करून देतो. पण भरपाई विसरा."

"स्वेटरचं असं झालं की—" चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, आणि बायकोचा पाय त्यांच्या ठिगळाच्या चपलेवर पडला. चांगला वजनानं पडला.

"भरपाई सोडली," ती गोड आवाजात म्हणाली. "पण जिन्यातला आणि मशीनच्या खोलीतला दिवा तेवढा लावून द्या. अंधार असला की लोकांना नाही नाही ते सुचतं."

"उद्याच लावतो," मालक म्हणाले. सहाही करार त्यांनी तिथेच टेबलावर खोडून दुरुस्त केले आणि पाच मिनिटांत ते रस्त्याला लागले. आचाऱ्यानं दारात अदबीनं वाट दिली, तेव्हा त्यांनी त्याच्या हातातल्या सुऱ्यांना नमस्कार केल्यासारखं केलं.

चष्मेवाल्यांनी करार उचलून डोळ्यांसमोर धरला. या वेळी त्यांनी भिंग घेतलं नाही. डोळ्यांत पाणी आल्यामुळे तसंही काही दिसत नव्हतं. मग बायको हसायला लागली, मग मुलगी, आणि ते हसू जिन्यानं मजल्यामजल्यावरून खाली उतरत गेलं.

सोमवारी मुलगी नवा आकाशी स्वेटर घालून शाळेत गेली. भाडं वाढेल म्हणून बाजूला काढून ठेवलेले पैसे त्याला पुरले. त्याच संध्याकाळी नव्या दिव्याखाली जिन्यात सभा भरली आणि दहा मिनिटांत ठराव झाला. करार वर्षाचा होता. तो संपायच्या आठवड्यात पडदे, चादरी आणि एप्रन पुन्हा निळे करायचे, आणि पांढरा स्वेटर डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवायचा. रंगाची वर्गणी मास्तरीणबाईंनी जागच्या जागी गोळा केली आणि दोन पुड्या आणायचं काम अनुभवी माणूस म्हणून चष्मेवाल्यांकडे दिलं.

त्यांनी दुकानात उभं राहून पुडीवरची बारीक अक्षरं भिंग लावून, मोठ्यानं, दोनदा वाचली. घरी आल्यावर बायकोनं पिशवी टेबलावर उपडी केली.

"अहो, दोन सांगितल्या होत्या ना? या तीन कशा?"

चष्मेवाल्यांनी तिसरी पुडी उचलली आणि वरच्या फळीवर, पांढऱ्या स्वेटरच्या घडीखाली सारून दिली.